दान आधी की निर्णय आधी? कॅरेक्टरच्या क्लासमधलं नशीब आणि न्याय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाचं टेबल चालवता, २०१४ च्या नियमांनी, आणि सगळ्यांची कॅरेक्टर आता पाचव्या लेव्हलला आहेत. वाइल्ड मॅजिक सॉर्सरर, म्हणजे जिची जादू अधूनमधून ताब्याबाहेर उसळते (त्या उसळीला सर्ज म्हणतात) अशी जादूगार, खेळणाऱ्या मैत्रिणीला कित्येक सेशन काहीच वेगळं घडलं नाही. मग तिसऱ्या लेव्हलला एकदाच सर्ज आला आणि तो नेमका स्वतःभोवती फायरबॉल फुटण्याचा निघाला. त्यात सोबतचे बार्ड (गायक) आणि क्लेरिक (पुजारी) दोघंही आडवे झाले. दुसरीकडे फायटर या लढवय्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, फाशांनी ३१ आले, आणि विझर्ड या जादूगाराचे ३४. फायटर खेळणारा तेव्हापासून गप्प असतो. आता एक जण म्हणतो, क्लासमधले, म्हणजे कॅरेक्टरच्या पेशाच्या नियमांतले, सगळे फासे काढून टाका. दुसरा म्हणतो, फासे काढायचे तर मग खेळायचं कशाला? आणि तुम्ही विचारलंय, न्याय्य काय.

मी पंधराएक वर्षं पुण्यात टेबल चालवतो आहे, जास्त करून रविवारी दुपारी, आणि हा वाद माझ्या टेबलावर निदान चार वेळा झाला आहे. तुमच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण त्या एकाच प्रकारच्या नाहीत, म्हणून त्यांना एकच उपाय लागू पडणार नाही. फासा न्यायी की अन्यायी हे नुसत्या फाशाकडे पाहून ठरत नाही. ते दान किती वेळा पडणार, पडलं की किती दिवस पुरणार, त्याची किंमत कोण भरणार आणि ते पडल्यावर खेळाडूच्या हातात काय उरणार, हे पाहावं लागतं. बाकी सगळं मला यातूनच सुचतं.

आधी फायटर, कारण ते प्रकरण सोपं आहे आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं गेलं आहे.

पाचव्या लेव्हलच्या फायटरने हिट पॉइंटसाठी फासा फक्त चार वेळा टाकलेला असतो. पहिल्या लेव्हलला पूर्ण १० मिळतात आणि पुढच्या प्रत्येक लेव्हलला एक डी१०, म्हणजे दहा बाजूंचा फासा. कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे शरीराच्या दणकटपणाचा, बोनस दर लेव्हलला दोन धरला तर सरासरीने त्याचे ४२ व्हायला हवे होते. नियमपुस्तकात दिलेला ठरावीक आकडा, म्हणजे दर लेव्हलला ६, घेतला असता तर ४४. तुमच्याकडे ३१ आहेत, म्हणजे चार फाशांची बेरीज फक्त ११ आली. एवढी किंवा याहून कमी बेरीज येण्याची शक्यता ३.३ टक्के आहे. विझर्डने त्याच्या चार डी६ वर १८ काढले, आणि १८ किंवा जास्त येण्याची शक्यता सोळा टक्क्यांच्या आसपास. कुणी फसवलेलं नाही, फासे वाकडे नाहीत. तरीही जो माणूस पुढे उभा राहून सगळ्यांसाठी मार खाणार म्हणून क्लास निवडून बसला, तो मागे उभ्या असलेल्या विझर्डपेक्षा आधी पडतो, आणि हे पुढचं वर्षभर दर रविवारी होणार आहे.

आता याच फायटरच्या हल्ल्याकडे बघा. तलवार मारायला तो डी२० टाकतो, आणि पाचव्या लेव्हलपासून दर पाळीला दोनदा. एका चांगल्या सेशनमध्ये वीस-पंचवीस वेळा टाकतो, महिन्याभरात शंभरच्या आसपास. एका रविवारी दान रुसलं तर पुढच्या रविवारी भरून निघतं. चॅम्पियन या उपवर्गातला असेल तर २० शिवाय १९ वरही क्रिटिकल, म्हणजे जास्त नुकसान करणारा वार, लागतो, म्हणजे पाच टक्क्यांचे दहा टक्के होतात, आणि एवढ्या फेकींमध्ये तो फरक खरोखर जाणवतो. हल्ल्याच्या फाशावर कुणी अन्यायाची तक्रार करत नाही, ती यामुळेच. तिथे नशिबाला स्वतःची चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो. हिट पॉइंटच्या फाशाला तो मिळत नाही. चार दानं पडतात आणि कायमची कॅरेक्टर शीटवर लिहिली जातात.

यातला इतिहास थोडा सांगतो, कारण तो कळला की हे फासे तिथे मुळात का आहेत हे कळतं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला तेव्हा कॅरेक्टरच्या सहाही मूळ गुणांसाठी (स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन वगैरे) ३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, टाकायचे असत. पुढे १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत पॅलडिन (धर्मयोद्धा) व्हायचं तर स्ट्रेंग्थ १२, इंटेलिजन्स ९, विझडम १३, कॉन्स्टिट्यूशन ९ आणि करिष्मा १७ लागत असे. ३डी६ ओळीने टाकले आणि पडतील तिथेच ठेवले, तर एवढं सगळं एका कॅरेक्टरमध्ये जमण्याची शक्यता साधारण हजारात एक निघते. क्लास म्हणजे लागली तर लागली अशी सोडत होती. तेव्हाच्याही लोकांना ते जड गेलं असावं, कारण १९७९ च्या डंजन मास्टरच्या (खेळ चालवणाऱ्याच्या, थोडक्यात डीएमच्या) पुस्तकात पहिलीच पद्धत दिली आहे ती चार फासे टाका, सगळ्यात लहान काढून टाका आणि आकडे हवे तिथे लावा. तिने सरासरी १०.५ वरून १२.२ च्या वर जाते.

पण हे सगळं ज्या टेबलांसाठी लिहिलं होतं तिथे कॅरेक्टर भराभर मरत असत. दहा मिनिटांत नवीन बनवायचं आणि पुन्हा दारातून आत शिरायचं. एका खेळाडूच्या वाट्याला वर्षात पाच-सात कॅरेक्टर आली तर त्यातलं एखादं दणकट निघणारच. म्हणजे तिथेही दान पुष्कळदा पडत होतं, फक्त ते एका कॅरेक्टरच्या आयुष्यात न पडता खेळाडूच्या आयुष्यात पडत होतं. २०१२ साली आलेल्या डंजन क्रॉल क्लासिक्स या दुसऱ्या भूमिका-खेळाने हीच जुनी गोष्ट उघडपणे वापरली. तिथे सुरुवातीलाच प्रत्येकाच्या हातात शून्याव्या लेव्हलची तीन-चार सामान्य माणसं दिली जातात, कुणी शेतकरी, कुणी लोहार, सगळी फाशांनी ठरलेली. पहिल्या साहसातून जे वाचेल ते तुमचं कॅरेक्टर. मी हे दोनदा चालवलं आहे आणि दोन्ही वेळा कुणीही फाशांना नावं ठेवली नाहीत. उलट सहा स्ट्रेंग्थची एक म्हातारी सुईण वाचली आणि तिला पुढे विझर्ड करण्यासाठी दोघांत भांडण झालं.

आज आपण दोन-दोन वर्षं एकच कॅरेक्टर खेळतो. त्याची आई कोण, त्याचं गाव कुठलं, हे लिहून आणतो. चित्रं काढून घेतो. खेळाचं आयुष्य असं लांबलं, पण हिट पॉइंटचे फासे मात्र झटपट मरणाऱ्या कॅरेक्टरच्या काळातले तसेच राहिले. तुमच्या फायटरवर अन्याय झाला तो या फटीत.

म्हणून तिथे माझं मत अगदी स्पष्ट आहे. एकदाच पडणारं आणि कायम पुरणारं दान असेल, तर त्याला तळ द्या. ठरावीक आकडा घ्या, किंवा टाकायची हौस असेल तर टाका आणि ठरावीक आकड्यापेक्षा कमी आलं तर ठरावीक घ्या. तिसरा एक मार्ग मला फार आवडतो: दर लेव्हलला आतापर्यंतचे सगळे फासे नव्याने टाकायचे आणि एकूण बेरीज वाढली तर ती घ्यायची, नाहीतर जुन्या बेरजेत फक्त एक मिळवायचा. यात फाशाची मजा राहते, आणि एका वाईट संध्याकाळचं ओझं वर्षभर वाहावं लागत नाही. तुमच्या टेबलावर आता काय करावं? फायटरला ४४ वर आणा. विझर्डचे ३४ तसेच ठेवा, ठरावीक आकड्याने त्याचे ३२ झाले असते पण ते दोन त्याने फाशावर कमावलेत. कुणाचं काही काढून घेऊन न्याय करू नका, त्याने दुसऱ्याच्या मनात सल राहतो. हे सगळ्यांसमोर जाहीर करण्याआधी फायटर खेळणाऱ्याशी एकट्याने बोला. जो गप्प बसतो तो बहुतेक वेळा “आपलंच नशीब, काय बोलायचं” म्हणून गप्प बसलेला असतो.

सुरुवातीचे गुण ठरवताना हाच नियम. फासे टाकायचेच असतील तर सगळ्यांनी मिळून टाका. प्रत्येक जण एक-एक संच टाकेल, सगळे संच टेबलाच्या मधोमध लिहायचे, आणि ज्याला जो हवा तो त्याने घ्यायचा, दोघांनी एकच घेतला तरी चालेल. सहा आकड्यांत निदान एक १८ येण्याची शक्यता चार फाशांच्या पद्धतीने नऊ टक्क्यांच्या थोडी वर आहे. तो आला तर एकट्याच्या पदरात न पडता टेबलाच्या पदरात पडतो. ज्याने तो १८ टाकला त्याचं नाव आमच्याकडे वर्षभर निघतं.

आता सॉर्सरर. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण वाइल्ड मॅजिकवर माझं प्रेम आहे आणि त्यातल्या खऱ्या दोषाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही.

२०१४ च्या नियमात असं आहे: सॉर्सररने पहिल्या किंवा वरच्या लेव्हलचा स्पेल (मंत्र) टाकला की डीएम तिला डी२० टाकायला लावू शकतो. १ पडला तर शंभराच्या तक्त्यावर पुन्हा फासा. तक्त्यात पन्नास ओळी आहेत. कुंडीतलं रोप होण्यापासून सगळे सॉर्सरी पॉइंट (तिच्या जादूची शिल्लक) परत मिळण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. ०७ किंवा ०८ आला की स्वतःवर फायरबॉल.

हिशेब करून बघा. प्रत्येक वेळी टाकायला लावलं तरी सर्जची शक्यता पाच टक्के. तिसऱ्या लेव्हलच्या सॉर्सररकडे दिवसाला सहा स्लॉट, म्हणजे असे सहा स्पेल टाकण्याची सोय, असते. वीस स्पेल टाकायला घरच्या टेबलावर पाच-सहा सेशन सहज जातात, आणि वीस स्पेलनंतरही एकदाही सर्ज न येण्याची शक्यता जवळजवळ ३६ टक्के आहे. म्हणजे ज्यांनी “माझी जादू माझ्या ताब्यात नाही” असं म्हणून हा क्लास घेतला, त्यांतल्या एक तृतीयांशाहून जास्त जणांना दोन महिने नुसती साधी सॉर्सरर खेळावी लागते. तुमच्या मैत्रिणीची पहिली तक्रार ही आहे. फायरबॉल नंतरचा. क्लासने जे वचन दिलं ते दान पडलंच नाही.

पण नियमातलं ते “डीएम लावू शकतो” पुन्हा वाचा. फासा टाकायचा की नाही हे खेळाडूच्या हातात नाही, नियमाच्याही हातात नाही, ते तुमच्या आठवणीवर आहे. तुम्ही तीन राक्षस चालवताय, इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळ्यांचा क्रम, बघताय, कुणीतरी चहा मागतोय, आणि तिने स्पेल टाकला. तुम्ही विसरता. टाइड्स ऑफ केऑस या तिच्या दुसऱ्या फीचरचंही तेच. एका फेकीवर ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून चांगला ठेवायचा) घ्यायचा, आणि तो लाँग रेस्टच्या, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीच्या, आधी परत मिळायचा तर डीएमने पुढच्या स्पेलनंतर सर्ज लावायला हवा. डीएमच्या लक्षात राहिलं तर हे या क्लासचं सगळ्यात दमदार फीचर आहे, नाही राहिलं तर दिवसाला एकदा मिळणारी छोटी सवलत. मी स्वतः एका खेळाडूच्या बाबतीत हे पहिलं वर्षभर विसरत होतो. तिने एकदाही आठवण करून दिली नाही, कारण स्वतःसाठी मागणं तिला बरं वाटत नव्हतं. दुसऱ्या टेबलावरचा खेळाडू दर वेळी मोठ्याने आठवण करून द्यायचा आणि त्याला दर सेशनला तीन-तीन सर्ज मिळायचे. क्लास एकच, पान एकच. फरक फक्त कोण किती मोठ्याने बोलतो याचा. मला याचं आजही वाईट वाटतं. या क्लासमधला मोठा अन्याय फाशाने केलेला नसतो, आपण केलेला असतो.

२०२४ च्या आवृत्तीने नेमकं हेच दुरुस्त केलं. आता स्लॉट खर्चून स्पेल टाकला की दर पाळीला एकदा डी२० टाकायचा की नाही ते खेळाडू ठरवते, आणि सर्ज १ वर न येता २० वर येतो. टाइड्स ऑफ केऑस वापरल्यावर पुढच्या स्लॉटच्या स्पेलला सर्ज आपोआप येतो, डीएमची परवानगी लागत नाही. पाच टक्के तेच राहिले, पण ते कुणाच्या हातात आहेत ते बदललं. आणि टेबलावर २० पडला की सगळे उठून बघतात. १ पडला की माणसं मान खाली घालतात. त्याच घटनेला चांगल्या आकड्यावर ठेवलं याचा परिणाम माझ्या टेबलावर मी बघितला आहे.

तुम्ही २०१४ वरच राहणार असाल तर हे दोन बदल तिथून उचला, काही बिघडत नाही. शिवाय सर्ज दुर्मीळ वाटत असेल तर चढता उंबरठा वापरता येतो. पहिल्या स्पेलला १ वर सर्ज, नाही आला तर पुढच्या वेळी १ किंवा २ वर, मग ३ पर्यंत, आणि सर्ज आला की पुन्हा १ वर. मात्र हे करण्याआधी आकडे समजून घ्या. साध्या नियमात सरासरी वीस स्पेलमागे एक सर्ज येतो, या पद्धतीत साधारण सव्वापाच स्पेलमागे एक. दहा स्पेलनंतर न आलेला सर्ज तीन-साडेतीन टक्के वेळाच उरतो. म्हणजे सर्ज जवळजवळ चौपट होतात, आणि त्याबरोबर तक्त्यातल्या वाईट ओळीही चौपट वेळा लागतात. उंबरठा चढता ठेवायचा तर तक्त्याकडे बघावंच लागतं, आणि आपण येऊन पोहोचतो त्या फायरबॉलशी.

फायरबॉल ८डी६ चा, सरासरी २८. २०१४ मध्ये सॉर्सररला वाइल्ड मॅजिक हा उपवर्ग पहिल्याच लेव्हलला मिळतो, तेव्हा तिचे हिट पॉइंट असतात साधारण ८. सेव्ह, म्हणजे बचावाची फेक, चुकली तर २८ मधून ८ वजा, उरले २०, आणि ते तिच्या एकूण हिट पॉइंटपेक्षा जास्त असल्यामुळे ती बेशुद्ध होत नाही, जागच्या जागी मरते. २०२४ मध्ये उपवर्ग तिसऱ्या लेव्हलला येतो आणि तेव्हा तिच्याकडे २० असतात. ती पडते, पण वाचवता येते. तुमचा प्रसंग तिसऱ्या लेव्हलला झाला हे त्यातल्या त्यात बरं.

तरी माझ्या मते तुमच्या टेबलावर जखम झाली ती सॉर्सररला नाही, बार्ड आणि क्लेरिकला. सॉर्सरर खेळणारीने हा क्लास स्वतः निवडला, तक्ता वाचला, धोका पत्करला. बार्ड आणि क्लेरिक खेळणाऱ्यांना कुणी विचारलंच नव्हतं. एकाने घेतलेल्या जुगाराची उधारी दुसऱ्याने फेडायची, आणि तीही न सांगता, हे कुठल्याही घरात चालत नाही. म्हणून वाइल्ड मॅजिक टेबलावर येणार असेल तर मी सेशन झिरोलाच, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीतच, तक्ता सगळ्यांना वाचायला देतो आणि विचारतो, साथीदारांना लागू शकतील अशा ओळी ठेवायच्या का? दोन टेबलांनी “ठेवा” म्हटलं, एका टेबलाने नको म्हटलं. तिन्ही कॅम्पेन छान झाली. एकदा “ठेवा” म्हटलं की फायरबॉल पडल्यावर तोच प्रसंग पुढे महिनोन् महिने सांगितला जातो. न विचारता पडला की तोच भांडण होतो.

ठेवायचं ठरलं तर एक छोटी गोष्ट करा, ही मी स्वतः बसवली आहे. फायरबॉलची ओळ आली की स्फोटाआधी सॉर्सररच्या बोटांतून ठिणग्या उडतात. वीस फुटांच्या आतला प्रत्येक जण आपली रिॲक्शन (पाळीबाहेरची एक कृती) खर्चून अर्धी चाल चालू शकतो. काही निसटतात, काही अडकतात, कुणी क्लेरिकला ढकलून बाहेर काढतो आणि स्वतः आत राहतो. नुकसान तेवढंच होतं, पण प्रत्येकाला करायला काहीतरी मिळतं.

आणि हीच ती गोष्ट, जी मला या सगळ्यात मुख्य वाटते. आपल्याकडच्या सारीपाटात कवड्या आधी पडतात, मग कुठली सोंगटी हलवायची ते खेळाडू ठरवतो. दान वाईट पडलं तरी निर्णय हातात राहतो. हल्ल्याचा डी२० याच्या उलट चालतो: आधी ठरवायचं, मग दान बघायचं. दोन्ही चांगले आहेत, पण अंगाला वेगळे लागतात. आधी दान आणि मग निर्णय, यात माणसाला नशिबाशी हातमिळवणी करता येते. आधी निर्णय आणि मग दान, यात थरार असतो, पण दान फिरलं तर नुसतं बघत बसावं लागतं. म्हणून दुसऱ्या प्रकारचं दान छोटं आणि वारंवार पडणारं असावं. मोठं, दुर्मीळ आणि सगळ्यांना भाजणारं दान पहिल्या प्रकारात आणता आलं तर आणावं.

भविष्य बघणाऱ्या डिव्हिनेशन विझर्डचं पोर्टेंट हे फीचर याचं माझ्या बघण्यातलं सर्वात सुंदर उदाहरण आहे. लाँग रेस्टनंतर दोन डी२० टाकायचे आणि आकडे लिहून ठेवायचे. दिवसभरात कुणाच्याही फेकीच्या जागी, ती फेक पडण्याआधी सांगून, त्यातला एक वापरता येतो. चौदाव्या लेव्हलला तीन. आता ३ पडला तर वाईट का? मुळीच नाही. तो ३ खलनायकाच्या सेव्हिंग थ्रोवर ठेवायचा. खरी निराशा होते ती १०-११ पडले की. माझ्या एका खेळाडूला सकाळी २ आणि ४ पडले तेव्हा तो हात चोळत बसला होता, आज कुणाला तरी जड जाणार म्हणून. ज्या फीचरमध्ये वाईट दानाचाही उपयोग आहे, तिथे नशिबाबद्दल तक्रार ऐकू येत नाही.

२०२० साली बार्बेरियन या क्लासलाही वाइल्ड मॅजिक मिळालं. तिथे तक्ता आठच ओळींचा आहे, रेजमध्ये (त्याच्या संतापाच्या अवस्थेत) गेलं की दर वेळी काहीतरी घडतंच, आणि बार्बेरियनला स्वतःला मारक अशी एकही ओळ त्यात नाही. काय घडणार ते माहीत नसतं, घडणार हे नक्की असतं. न्यायाच्या दृष्टीने हे सॉर्सररपेक्षा उजवं आहे. मला ते जरासं सपक वाटतं, पण ती माझी आवड झाली. नवीन खेळाडूला मी आधी हेच सुचवीन.

सगळं नशीब गाळून टाकावं असं मात्र मला वाटत नाही, आणि तुमच्या टेबलावरच्या “सगळे फासे काढा” म्हणणाऱ्याला हे सांगा. २०१४ मध्ये दहाव्या लेव्हलचा क्लेरिक देवाला हाक मारू शकत असे: शंभराचा फासा, आणि आकडा आपल्या लेव्हलइतका किंवा कमी आला तर देव धावून येतो. म्हणजे दहा टक्के. दहा दिवस रोज हाक मारली तरी ३५ टक्के क्लेरिकांना एकदाही उत्तर मिळत नाही. २०२४ मध्ये हा फासा गेला. आता पाचव्या लेव्हलपर्यंतचा कुठलाही क्लेरिक स्पेल, स्लॉट न खर्चता, हमखास मिळतो. फीचर म्हणून हे जास्त उपयोगी आहे यात शंका नाही. पण एका कॅम्पेनमध्ये आमच्या क्लेरिकने सात लढायांत हाक मारली, सातही वेळा गप्प, आणि आठव्या वेळी, जेव्हा तो एकटाच उभा होता, ०४ पडला. टेबलावर कुणी ओरडलं नाही. सगळे शांत झाले. तो खेळाडू नंतर बराच वेळ तो फासा हातात धरून बसला होता. हाक मारायला त्याची एक ॲक्शन जात होती, दुसऱ्या कुणाचं काही जात नव्हतं, आणि न मिळणाऱ्या उत्तराचाही त्याने आपल्या क्लेरिकच्या श्रद्धेत उपयोग करून घेतला होता. तिथे मी जुना नियमच ठेवतो. मात्र खेळाडूला निवडू देतो: हमखास हवं की फासा हवा. आतापर्यंत तिघांपैकी दोघांनी फासा मागितला.

निवडीचा हा मार्ग नवा नाही. वॉरहॅमर फँटसी रोलप्ले या दुसऱ्या भूमिका-खेळाच्या २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत कॅरेक्टरचा व्यवसाय फाशाने ठरवून पहिलं पडेल ते स्वीकारलं तर ५० अनुभव गुण जास्त मिळतात. तीनदा टाकून त्यातलं एक निवडलं तर २५. सरळ स्वतःच्या मनाने निवडलं तर काहीच नाही, पण दंडही नाही. उंदीर पकडणारा व्हायचं नशिबी आलं तर त्याची भरपाई आधीच हातात असते. नशीब स्वीकारणाऱ्याला मोबदला द्यायचा आणि न स्वीकारणाऱ्याला दोष द्यायचा नाही, हे सगळ्या टेबलांनी उचलावं असं तत्त्व आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. पडद्याआड फासा बदलू नका. तुम्हाला मोह होईल, खासकरून आता, सॉर्सररला एखादा चांगला सर्ज द्यावा, फायटरवरचा एखादा वार चुकवावा. मी हे केलं आहे. एका खेळाडूचं कॅरेक्टर सारखं पडत होतं म्हणून मी राक्षसाचे आकडे गुपचूप कमी करत होतो. तिला ते कळलं. तिने भांडण केलं नाही, फक्त म्हणाली, “मग मागचा विजय माझा नव्हताच का?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून माझे सगळे फासे टेबलाच्या मध्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडतात. नियम कठोर वाटला तर नियम बदलायचा, तोही सगळ्यांना सांगून आणि पुढच्या फेकीपासून. पडलेलं दान बदलायचं नाही.

तर येत्या सेशनच्या आधी फायटरला फोन करा. मग टेबलावर पहिली पंधरा मिनिटं खेळ सुरू न करता सर्जचा तक्ता मधोमध ठेवा, बार्ड आणि क्लेरिकला आधी बोलू द्या, सॉर्सररला शेवटी. कुठल्या ओळी राहणार, कुठल्या जाणार, ठिणग्यांचा नियम हवा का, सर्ज १ वर की २० वर, फासा कोण मागणार, हे तिथेच ठरवून कागदावर लिहा. तुम्ही स्वतः त्यात मत देऊ नका, तुमच्या हातात राक्षस आहेत तेवढे पुरे. सॉर्सररला एक चमकदार रंगाचा वेगळा डी२० द्या. स्पेल टाकला की तो तिच्यासमोर दिसेल, आणि तुम्ही विसरलात तरी ती विसरणार नाही.